बांधावरची हाक

सरकारी रेडिओच्या ग्रामीण कार्यक्रमासाठी मी काम करत असे, तेव्हाची गोष्ट. पनवेलच्या खाडीकाठी एका गावाने उधाणात फुटलेला बांध श्रमदानाने पुन्हा घातला होता. खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या शेतांत परत भात उभं राहिलं होतं. आमच्या कार्यक्रमाला असंच काहीतरी हवं असे. मी आणि ध्वनिमुद्रण करणारा माझा सहकारी टेपचं अवजड यंत्र घेऊन तिथे गेलो.

सरपंच बांधापाशी उभे राहून छान बोलत होते. मध्येच सहकाऱ्याने कानावरचे हेडफोन काढले.

"मागे कोणीतरी ओरडतंय."

थोड्या अंतरावर एक म्हातारी खाडीकडे तोंड करून उभी होती. "उतर रं बाला, पानी आलं. बांधावरशी उतर."

बांधावर कोणीच नव्हतं.

"तिचा पोरगा," सरपंच हळूच म्हणाले. "बांध फुटला तवा वर व्हता. घावला नाय. भरती लागली का ती येते. पानी उतरलं का जाते घरी."

स्टुडिओत टेप ऐकली, तर सरपंचांच्या शब्दांमागे ती हाक होतीच. वेगळी काढणं शक्य नव्हतं. साहेब म्हणाले, "राहू दे. गावाचं वातावरण वाटेल." कार्यक्रम तसाच लागला.

पुढच्या खेपेला सरपंचांनी सांगितलं ते असं. कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी खाडीपलीकडच्या गावात बायामाणसं पंचायतीच्या रेडिओभोवती बसली होती, आणि त्यांची काही माणसं तिकडच्या बांधावर चिखल लावत होती. सरपंचांचं भाषण कोणी ऐकलंच नाही, सगळ्यांनी ऐकली ती हाक. बाया धावत सुटल्या, हाका मारून त्यांनी माणसांना खाली उतरवलं. बांधाला काही झालं नव्हतं. लोक हसायला लागले. मग कोणीतरी म्हातारीचा आवाज ओळखला, आणि हसणं थांबलं.

मी तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

"तुमच्या पेटीतून माजी हाक गेली म्हनं."

"हो, आजी."

"तिकरची मानसं उतरली?"

"सगळी उतरली."

ती सुकट निवडत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग त्यालाच कशी ऐकू गेली नाय?"



टेपा तेव्हा पुसून पुन्हा वापरत. त्या टेपवर पुढे खतांविषयीचं कोणाचं तरी भाषण चढलं. त्या गावात मात्र मी नंतरही जात राहिलो, कधी विहिरीसाठी, कधी नव्या शाळेसाठी. बोलणं चालू असताना भरती लागली आणि ती आली, की सहकारी न सांगता यंत्र बंद करी. सरपंचही गप्प होत. वर कोणी नाही हे ठाऊक असूनही आम्ही तिघे बांधाकडे बघत उभे राहत असू.