शरयूकाकूंची आंघोळ

दर शुक्रवारी बायांनी भरलेले कागद ऑफिसात यायचे आणि उपासना ते एकेक करून वाचायची. न्यू जर्सीतली ती छोटी कंपनी आजारी म्हाताऱ्यांच्या घरी मदतनीस बाया पाठवायची. कुणाला कुठे धाडायचं हे सात वर्षं तीच ठरवत होती. नागपूरला तिची आई सरकारी दवाखान्यात आया होती. आईनं जन्मभर परक्या माणसांची अंगं पुसली, त्यामुळे या कामात कुणाला कसली लाज वाटते हे उपासनाला शिकवावं लागलं नव्हतं.

त्या शुक्रवारी, सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात, डेल्फीनचा कागद तिनं दोनदा वाचला. डेल्फीन हैतीची. कामाला चोख, खोटं एक अक्षर लिहिणार नाही. वेस्ट विंडसरला मुलाकडे, राजीवकडे, राहणाऱ्या शरयूकाकूंचं खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांना आंघोळ घालायला ती आठवड्यातून तीनदा, सकाळी नऊला जायची. तिनं लिहिलं होतं : 'बाईंची आंघोळ आधीच झालेली. घर झाडलेलं. मला चहा आणि शिरा दिला.' तिन्ही दिवस तेच.

कुणाला किती मदत द्यायची हे ठरवणारी नर्स पॅट म्हणाली, "मग मदत हवीय कशाला? पुढच्या आठवड्यापासून बंद."

उपासनानं काकूंना फोन लावला. "काकू, आंघोळ कोण घालतं तुम्हाला?"

"मीच घेते. राजीव सहाच्या ट्रेनला गेला की टबाच्या काठाला धरून शिरते आत. परवा पाय सटकला, पण नळ हाताशी आला."

"मग डेल्फीन कशाला येते?"

"अगं, घरी आलेल्या बाईला पारोशी सामोरी जाऊ? आणि वर तिच्याकडून अंग चोळून घेऊ? सासूचं सगळं केलं मी. मला नाही कुणी हात लावलेला."

"तुम्ही ठणठणीत आहात असं ठरलंय इथे. आता कुणी येणार नाही."

"बरंय की," काकू म्हणाल्या. पण आवाज उतरला होता.

लिहिलेलं खोडता येत नव्हतं, उपासनानं खोडलंही नसतं. ती पॅटच्या टेबलाशी गेली. "बंद करायच्या आधी एकदा स्वतः बघ. पण नऊला नको, सहाला जा."

"सहाला? का?"

"आमच्यात पाहुणा यायच्या आत आवरून घेतात. काकू डेल्फीनला पाहुणी समजतात."

मग काकूंना पुन्हा फोन. "सोमवारी नर्स येईल. रोज जशा टबात शिरता, तशाच शिरा."

"म्हणजे परीक्षाच की माझी!"

"हो. आणि नापास झालात तर बरं."

सोमवारी पॅट कोट न काढताच उपासनासमोर बसली. "आत पाय टाकायला अकरा मिनिटं लागली तिला. मीच श्वास रोखून उभी होते." तीन दिवसांची मदत कायम झाली.

बुधवारी दुपारी काकूंचा फोन आला. "उपासना, त्या तुझ्या डेल्फीनला सांग, पाणी कोमट नको, चांगलं ऊन लागतं मला. आणि पाठ नुसती कुरवाळते गं, घाबरते. म्हणावं, मोडलाय तो खुबा. पाठ शाबूत आहे."