लौ शुईगनचं तोंड

हंगदियानच्या डोंगरापायथ्याशी लौ शुईगनचा बाप जिथं भात लावायचा, तिथं आता सिनेमासाठी बांधलेला राजवाडा आहे. त्याच्याच अंगणात शुईगन मरायचा. जुन्या चिनी राजवटींतल्या तलवारबाजीचे सिनेमे निघत, आणि त्यातलं एक प्रेत हमखास त्याचं असे. घोडे वरून उड्या मारून गेले तरी तो श्वास हलू देत नसे. मारामारी बसवणारा उस्ताद चिन तोंडानं फटकळ, कौतुक करणाऱ्यातला नव्हे. पण मरायला माणूस हवा म्हटलं की आधी शुईगनला हाक मारी.

पण प्रेत पालथं पडतं. त्याच्या म्हाताऱ्या आईनं गावातल्या पडद्यावर त्याला कितीदा शोधलं. दिसल्या त्या पाठीच. आता तिची नजर विझत चालली होती; शेजारी बसलेल्याचं तोंडही तिला धूसर दिसे. एकदा पडद्यावर तुझं तोंड बघू दे, एवढंच तिचं मागणं.

अखेर त्याला बोलायचं काम मिळालं. वेशीवरचा पहारेकरी दार उघडायला नकार देतो आणि छातीत बाण घेऊन उताणा पडतो. शेजारणी कुजबुजल्या, पोराचं मेलेलं तोंड आईला दाखवणं अभद्र. मरायचं काम केलं की शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट घेऊन लगेच हसायचं, म्हणजे अशुभ टळतं, हे सगळेच पाळत. पण ते हसू पडद्यावर कुठं दिसतं?

शुईगन उस्तादाकडे गेला. "उस्ताद, बोलताना तोंड दाखवतो. बाण पाठीत घेऊ द्या."

"मग पलीकडच्या पायऱ्यांवरून डोक्यावर पडशील, गाढवा. दगडी आहेत. गादी घातली तर चित्रात दिसेल."

"गादी नको. मेलेलं तोंड आईला दिसू नये, म्हणून तर पाठीत."

उस्तादानं दिग्दर्शकाला पटवलं, आणि शुईगनच्या चिलखताखाली स्वतःच्या हातानं कापूस बांधला. शुईगन बोलला, वळला, कोसळला. शेवटच्या पायरीपर्यंत त्यानं तोंड कोपरात दडवून ठेवलं. खांद्याचं हाड मोडलं. लाल पाकीट घेताना तो हसला तेव्हा उस्तादानंच मान फिरवली.

कुळाच्या देवळापुढं पडदा लागला. हात अजून धड वर न जाणारा शुईगन आईशेजारी बसला. त्याचं तोंड पडद्यावर भिंतीएवढं झालं, तशी म्हातारी उठून पुढं गेली आणि मान वर करून बघत राहिली. तो पाठ फिरवतोय, तोवर तीही माघारी वळली होती. पुढचं तिनं पाहिलंच नाही.

"केस पांढरे झाले की रे तुझे," ती म्हणाली, "आणि मला कुणी सांगितलं नाही."