अक्काच्या तोंडचं नाव

आधीच सांगते, ते जुनं नाव माझ्या तोंडून निघायचं न्हाय. ते आमच्या मामंजींचं, म्हंजी सासऱ्याचं नाव हाय. सून म्हणून ह्या घरात आले तवापासनं म्या ते घेतलं न्हाय. माझी थोरली जाऊ इरम्मा, तिला म्या अक्का म्हणते, ती तर माझ्याही आधी आलेली, तिनंही न्हाय. मामंजी जाऊन कैक वर्षं झाली, पण न्हाय म्हंजी न्हाय. आजकालच्या पोरी नवऱ्यालासुद्धा नावानं हाका मारतात. मारू द्या, आमाला जमलं न्हाय.

आता गंमत बघा. अक्काला पहिलं लेकरू झालं, ते पोरगं म्हणून वाढलं, आन् घरच्यांनी त्याला मामंजींचंच नाव ठेवलं. आमच्यात तशी रीतच हाय. सगळे खूष झाले, फक्त आईला पोटच्या लेकराला नावानं हाक मारायची सोय ऱ्हायली न्हाय. ती आपली 'अप्पा' म्हणायची. एकदा जत्रेत ते लेकरू हरवलं. अक्का 'अप्पा, अप्पा' करत गर्दीतनं पळायली, तर निम्मी जत्रा मागं वळून बघायली, कारण आमच्या भागात दर दुसरा म्हातारा अप्पाच. भोंगेवाला म्हणाला, "बाई, नाव सांगा, पुकारतो." अक्का गप. लेकरू शेवटी आपलं आपणच सापडलं, भजीवाल्याच्या गाड्यापाशी. पुढं घरात किती दिवस आमी त्यावरनं तिची चेष्टा करायचो.

ते लेकरू आता भुवनेश्वरी हाय. लातूरला नर्सिंग शिकली, औषधपाणी झालं, ऑपरेशन झालं, साडी आली. कलेक्टर कचेरीचं ओळखपत्र मिळालं, आधारवर नाव बदलून 'स्त्री' लागलं. पण शाळेच्या दाखल्यावर अजून मामंजींचं नाव, आन् त्याच्यापुढं 'मुलगा'. एका दवाखान्यानं नोकरी दिली ती ह्याच बोलीवर, की सोमवारी येताना सगळे कागद एकसारखे करून आणा, न्हायतर जागा दुसरीला. आन् दाखला बदलायचा तर आईबापापैकी एकाचं शपथपत्र पाहिजे म्हणाले. नियमात तसं हाय का न्हाय, ते मागणाऱ्यालाच ठाऊक.

आमचे मोठे भाऊजी, म्हंजी अक्काचे मालक, म्हणाले, "मला न्हेऊ नका. तिथं चार ओळखीचे भेटतात." त्यांना स्वतःच्या बापाचं नाव घ्यायला कसली अडचण? पण लाज. मग अक्का निघाली, आन् सोबतीला म्या.

धाराशिवच्या स्टँडवर भुवनेश्वरी वाट बघत होती. निळी साडी, हातात फाईल. वाकून माझ्या पाया पडली. म्या आशीर्वाद दिला आन् पहिलं काय केलं, तर इकडंतिकडं बघून घेतलं, गावचं कुणी हाय का. कचेरीपर्यंत म्या त्या दोघींच्या जरा मागंच चालले. चप्पल चावायली म्हटलं. चप्पल काय चावत नव्हती.

शपथपत्रावर सही करणारे साहेब तरणे होते, बोलायला वाईट नव्हते. कागद वाचला आन् विचारलं, "मावशी, हे तुमचंच अपत्य?"

"व्हय."

"आधीचं नाव काय?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं.

"कागदावर हाय की, साहेब," म्या म्हटलं.

"कागद दुसरा कुणीतरी टाइप करतो. मागं एका बाईला फसवून अंगठा घेतला होता. तेव्हापासून मी ज्याचं त्याच्या तोंडून ऐकतो."

म्या सांगून बघितलं, की सासऱ्याचं नाव हाय, आमी दोघीही घेत न्हाय. साहेबांना हसू आलं. मागं रांग होती, तीही हसली. त्यातला एकजण म्हणाला, "नाव घ्यायची लाज वाटते, आन् ह्याची न्हाय वाटत?" ह्याची म्हणताना त्यानं हनुवटीनं भुवनेश्वरीकडं दाखवलं.

एरवी म्या त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. गावात माझ्या तोंडाला कुणी लागत न्हाय. त्या दिवशी म्या पदर सारखा केला आन् भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत ऱ्हायले. लई लाज वाटली मला. आधी भुवनेश्वरीची वाटली, मग माझीच.

भुवनेश्वरीनं बापाला फोन लावला. साहेबांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. "बाबा, साहेबांना फक्त नाव सांगा. तेवढंच पाहिजे."

पलीकडून भाऊजींचा खोकला ऐकू आला. मग म्हणाले, "राँग नंबर." आन् फोन ठेवला.

ते सगळ्यांनी ऐकलं. आता रांगेत कुणी हसलं न्हाय. भुवनेश्वरी कागद गोळा करून फाईलमधी घालायली. अक्काला म्हणाली, "चल आई. तुला माझी लाज वाटती, ते काय चूक न्हाय. नोकरी दुसरी बघीन."

"तुझी न्हाय गं," अक्का म्हणाली.

तिनं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला, डोळे मिटले आन् मामंजींचं नाव घेतलं. अख्खं घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्या कानावर हात ठेवले तरी ऐकू आलं. भर बाजारात पदर सुटावा तसं झालं मला. अक्काचं तोंड तर लालबुंद झालं होतं.

"आणि आताचं नाव?" साहेबांनी विचारलं. त्यांचाही आवाज उतरला होता.

"भुवनेश्वरी."

साहेबांनी सही केली, शिक्का मारला. शिक्क्याची शाई ओली होती म्हणून अक्कानं कागद हातातच धरला, आन् वाळल्यावर घडी करून आपल्या पिशवीत ठेवला.

बाहेर नळावर तिनं चूळ भरली. गालांवर हळूच मारून घेतलं. "मामंजी माफ करत्याल का गं, लक्ष्मम्मा?"

"त्यांचं नाव त्यांना परत दिलं तुमी," म्या म्हटलं. "रागवायचं काय त्यात?" म्हटलं खरं, पण तिच्या तोंडाकडं बघायचं मला धाडस झालं न्हाय.

स्टँडवर आलो तर लातूरची गाडी निघायच्या बेतात. भुवनेश्वरी घाईघाईनं पाया पडली आन् गर्दीत घुसली. आमी लोहाऱ्याच्या गाडीपाशी जाऊन उभ्या ऱ्हायलो. तिथं आमच्या गावचा दगडोबा होता, रामराम झाला. तेवढ्यात अक्कानं पिशवीत हात घातला आन् तिचा चेहरा उतरला. कागद पिशवीतच होता.

"आरं देवा," म्हणाली, आन् पळत सुटली. मधीच थांबली आन् हाक मारली, "भुवनेश्वरी."

अक्काचा असा आवाज म्या एवढ्या वर्षांत ऐकला नव्हता. अख्खा स्टँड वळून बघायला. फक्त जिला हाक होती ती वळली न्हाय. कशी वळंल? आईच्या आवाजात आपलं हे नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिला वाटलं असंल, कुणाची तरी आई कुणाला तरी बोलावायली.

"काकू," दगडोबानं मला विचारलं, "कुणाला हाक मारायल्यात त्या?"

साधं उत्तर होतं. लेकीला, म्हणायचं. म्या खाली वाकले आन् पायातली चप्पल नीट करायले. दगडोबा उत्तराची वाट बघत उभा होता, आन् म्या चपलीचा बंद ओढत होते.

अक्का परत ओरडली, "ए भुवनेश्वरी." लातूरच्या गाडीची घंटी वाजली. भुवनेश्वरी पायरीवरनं वळली, आईला बघितलं आन् खाली उतरली.

"आई, मला हाक मारायलीस?"

"मग कुणाला?" अक्का धापा टाकत म्हणाली, आन् कागद तिच्या हातात दिला. "कवाची मारायले."