मे महिन्यातले हातमोजे

सासूबाईंच्या ड्रेसिंगसाठी दर मंगळवारी धंतोलीतल्या दवाखान्यात मी जायचे, तेव्हा एक बाई समोरच्या बाकावर लोकरीचे हातमोजे विणत बसलेली असायची. तेही नागपुरात, ऐन मे महिन्यात! पिवळ्या आणि विटकरी लोकरीतून पानगळीतला साग उमटत होता. मी स्वतः विणते, त्यामुळे तिच्या सफाईवरून नजर हटत नसे. पण या उन्हात हे घालणार कोण, म्हणून हसूही यायचं.

एका मंगळवारी तिचा नवरा केमो घेऊन बाहेर आला. घामाने डबडबला होता. मी मोठी दयाळू! माझी फ्रिजमधली पाण्याची बाटली त्याच्या दोन्ही हातांत ठेवली. तो किंचाळलाच. बाटली फरशीवर पडली.

"थंड नको देऊ वं बाई," ती म्हणाली. "हे औषध चढलं का गार वस्तूचा त्याईले करंट बसते."

तिने विणून झालेला मोजा त्याच्या एका हातात चढवला. दुसरा अर्धाच होता. तिने सरळ सुया उपसल्या आणि तोही चढवला. टाके सुटून सागाची पानं उसवू लागली, तशी त्याची बोटं तिने आपल्या मुठीत घट्ट धरली.