डार्क नाही, डिम
विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला पनवेलमधली माझी पहिली मुलाखत आठवते. न्हावा शेव्याला जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणारं ते छोटंसं ऑफिस होतं आणि मी खुर्चीत टेकते न टेकते तोच संध्याकाळचं लोडशेडिंग सुरू झालं. मेणबत्ती लावून साहेब म्हणाले, "आता या खोलीचं इंग्रजीत वर्णन करा." मी घाबरत म्हटलं, "डार्क." "अहो, पण तुम्ही मला दिसताय की!" "मग डिम, सर." "आणखी?" "ग्लूमी." "आणखी?" माझे शब्द संपले, घाम फुटला. "सर, आता नुसतं उकडतंय!" साहेब खो खो हसले. "पुढचा शब्द मलाही येत नाही. सोमवारपासून या." आता त्यांच्या जागी मी बसते आणि मुलाखतीला आलेल्या मुलींना आधी मराठीत मनसोक्त बोलू देते.