अण्णांची नदीफेरी

माझे सासरे, म्हणजे अण्णा, दर रविवारी सकाळी लोकांना नदीची फेरी घडवायचे. जुन्या बाजारपेठेच्या चौकातून निघायचं, पूर्वी बाजाराचा माल तोलायचे त्या बंद पडलेल्या तोलघराच्या कमानीतून काठावर उतरायचं, काठाकाठाने बंधाऱ्यापर्यंत जायचं, लाकडी पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या शेतांतून वळसा घालून पुन्हा चौकात. सहा मैल. बाहेरगावची माणसं मुद्दाम यायची. अण्णा बाजाराचा इतिहास इतका रंगवून सांगायचे, की चारशे वर्षांपूर्वी तिथल्या दुकानदारांशी घासाघीस करून हेच घरी परतले असावेत असं वाटायचं.

आमचं दोघांचं फारसं जमायचं नाही. मी फटकळ, ते नाकावर माशी बसू न देणारे. पण सासूबाई गेल्यापासून हा माणूस आठवड्यातले सहा दिवस खिडकीशी बसून सातव्याची वाट बघायचा, हे मला दिसत होतं. फेरी गेली असती तर त्यांच्यापाशी काहीच उरलं नसतं. फेरी चालवणाऱ्या मंडळाने त्यांच्या वयाचा विषय एकदा काढलाही होता. तेव्हापासून त्यांना सोबत म्हणून मी चहाचा थर्मास घेऊन मागून चालायचे.

गेलं वर्षभर ते चालताना काहीतरी पुटपुटायला लागले होते. मी विचारलं तर म्हणाले, स्वतःशी बोलतोय, तुझ्याशी बोलण्यापेक्षा ते बरं. मग मीही नाद सोडला.

त्या रविवारी नऊ जण होते. आठवड्यात नदीला पाणी चढून ओसरलं होतं. बंधाऱ्याच्या अलीकडे वाट उजवीकडे वळते, त्या वळणाच्या जरा आधी काठ खचला होता. वाटेचा लचकाच तुटून पाण्यात गेला होता आणि ताजी माती उघडी पडली होती. मला मागूनही ते स्वच्छ दिसत होतं. अण्णा सगळ्यांच्या पुढे होते. मला वाटलं, आता थांबतील. ते थांबले नाहीत, पाऊलही आखडलं नाही. ओठ तेवढे हलत होते. थर्मास टाकून मी धावले आणि मागून त्यांचा शर्ट गच्च धरला. त्यांचा एक पाय अधांतरी होता.

"किती गेलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"चार पावलं. अण्णा, तुम्हाला दिसत नाही?"

त्यांनी अधांतरी पाय मागे घेतला, आणि मला सगळं उमगलं. नोकरीभर त्यांनी मोजणी खात्यात जमीन मोजायची साखळी ओढली होती. सपाटीवर त्यांचं पाऊल अडीच फुटांचं, ना कमी ना जास्त. डोळे जाऊ लागले तशी त्यांनी कोणाला पत्ता लागू न देता अख्खी फेरी पावलांत पाठ केली होती. मला भयंकर संताप आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

तेवढ्यात मागची मंडळी येऊन पोचली. वाट खचलीय, आल्या वाटेने परत फिरू, असं मी सांगितलं. कोणाला संशय आला नाही. सगळे वळले, पण अण्णा जागचे हलेनात. फेरी गोल. त्या वाटेने ते उलटे कधी आलेच नव्हते. चढाला पाऊल आखूड पडतं, उताराला लांब. परतीची मोजणी त्यांच्याकडे नव्हती.

मी त्यांचा हात धरला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि हात पहिल्यांदाच धरत होते. इथे मूळ आहे, इथे चिखल, आता वाका, असं मी सांगत गेले आणि ते हूं की चूं न करता ऐकत गेले. अर्ध्या वाटेत म्हणाले, घरी बोलू नकोस. मला दोनदा फिरवून आण, नवी पावलं बसवतो, कोणाला कळणारही नाही. हो म्हणणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"अण्णा, तुमच्यामागे नऊ माणसं होती," मी म्हटलं.



चौकात लोक निरोप घ्यायला लागले. एका बाईंना फेरी अर्धवट राहिल्याची हळहळ वाटत होती. पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन येते, चालेल ना, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"जरूर आणा. पण मी नसेन. मला दिसत नाही, बाई. वर्षभर मी लोकांना पावलं मोजून नेत होतो."

बाईंनी नुसतेच हात जोडले, अण्णांना ते दिसले नाहीत. घर समोरच्याच गल्लीत होतं आणि चौक सपाट होता. तिथून ते एकटे सहज गेले असते. पण त्यांनी माझा हात सोडला नाही.