न्हाऊ घालणारी विहीण

माझ्या सासूबाई घरीच असतात, असं आम्हाला लग्न ठरवताना सांगितलं होतं. सांगणारे मध्यस्थ गोटीराम मामा. "मुलगा नाशकात, अंबडच्या कंपनीत, लेथ मशिनवर. द्वारका चौकाच्या मागं दोन खोल्या. वडील नाहीत, आई घरीच." एवढ्यावरच माझ्या आईचं, यशोदाबाईचं, निम्मं समाधान झालं. घोटीच्या बाजारपेठेत आमचं तांदळाचं दुकान, चार माणसांत ऊठबस. विहीण घरी बसणारी हवी, दारोदार फिरणारी नको, हा तिचा नियमच होता.

लग्न झालं त्र्याऐंशीच्या वैशाखात. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून पाहते, तर सासूबाई घरात नाहीत.

"देवळात गेलीय," आमचे हे भिंतीकडं बघत म्हणाले.

रोज सहाला जायच्या आणि दहाला यायच्या. चार तास देवळात! एवढा वेळ देवसुद्धा कुणाला देत नाही. मी गप्प बसणाऱ्यातली नव्हेच. आठव्या दिवशी त्या आल्या तशी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाले. हातांना तिळाच्या तेलाचा, हळदीचा आणि ओव्याच्या धुरीचा वास. नखं पिवळीधम्मक.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मी म्हटलं, "आत्याबाई, कोणत्या देवाला रोज तेल-हळद लावून येता?"

त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या आणि हसतच सुटल्या. "ल्हान ल्हान देव हाईत, सिंधू. अंगावर मुतत्यात."

अशी मला माझ्या सासूबाईंची, कुसाबाईंची, खरी ओळख झाली. सासरे गेले तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या, पदरात हे एकटे. शेजारच्या बाळंतिणीला मदत म्हणून गेल्या आणि हातालाच गुण आला. तेव्हापासून वीस वर्षं नाशकातली बाळं त्यांच्याच पायांवर न्हाऊन मोठी झाली. रोज चार घरं. यांचं आयटीआयचं शिक्षण झालं ते त्याच चार घरांवर. आणि यांना कंपनीत नोकरी लागली, लग्नाचं वय झालं, तशी यांनाच त्या कामाची लाज वाटायला लागली. "आता सोड आई, लोक काय म्हणतील?" आईनं काम सोडलं नाही. मग मधला मार्ग निघाला: घोटीच्या माणसांना सांगायचं नाही. खोटं ठरवलं यांनी, आणि सांभाळायला लावलं मला!

मी एकदा हट्टानं त्यांच्याबरोबर एका घरी गेले. अहो, काय तो थाट! घरी कुणी मोठ्यानं चार शब्द बोललं तरी डोळे भरणारी बाई, पण न्हाणीत पाटावर बसली की जमादार. घरमालक वकील होते, तेही दाराशी चप्पल काढून उभे. "पंखा बंद करा. दार लोटा. दुपटं उन्हात ठेवलं होतं का?" पाय लांब करून त्यांनी त्या लालभडक, किंचाळणाऱ्या गोळ्याला पायांवर पालथं घातलं, तेलाचा हात पाठीवरून एकदा खाली नेला, आणि तो गोळा गप्प! मी बघतच राहिले. त्याच क्षणी ठरवलं, माझं लेकरू याच पायांवर न्हाणार.

ठरवायला काय जातंय! दिवस गेले, सासूबाई नुसत्या हरखल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून वावडिंग आलं, बाळंतशेपा आल्या, जुनी लुगडी फाडून मऊसूत दुपटी झाली. आणि सातव्या महिन्यात माझी ओटी भरली त्या संध्याकाळी त्या दुपटी माझ्या पेटीत भरता भरता मध्येच खाली बसल्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"निवृत्तीला माझ्या आईनं न्हाऊ घातलं, सिंधू. मला तवा पोर धरता बी येत नव्हतं. शिकले ती लोकांच्या पोरांवर. घरचं एक बी माझ्या पायावर आलं नाय." पेटीचं झाकण लावत म्हणाल्या, "आन् आता तू चालली घोटीला."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. सव्वा महिना तिथंच. आणि त्यांच्या मते बाळाचं अंग घडतं ते त्याच सव्वा महिन्यात. पुढं काय, नुसतं पाणी ओतायचं. मी म्हटलं, आईला सांगू या, तुम्ही चार दिवस या. पण सांगणार काय? कशाला येता म्हणून आई विचारणार, मग वीस वर्षांची सगळी कथा बाहेर. एका खोट्यानं आम्हा तिघांचीही तोंडं शिवलेली. यांना मी चांगलं फैलावर घेतलं. हे म्हणाले, "बारसं होऊ दे, मग बघू." काही बघायचं नसलं की माणसं असंच म्हणतात.

फाल्गुनात घोटीच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. काय सांगू! एवढंसं तोंड, डोक्यावर हे जावळ, आणि आवाज असा की दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं. माझ्या वडिलांनी, दादांनी, बाजारपेठेत पेढे वाटले. "पहिली बेटी, धनाची पेटी," म्हणत आई तर जमिनीवर नव्हतीच.

पण आंघोळीची वेळ झाली की घरावर संकट यायचं. माझा धाकटा भाऊ आता मिसरूड फुटलेला, म्हणजे आईनं शेवटचं बाळ न्हाऊ घातल्याला सोळा-सतरा वर्षं झालेली. न्हाऊ घालायला बाई लावायची तर तिचा मान आडवा यायचा. "माझी नात, मीच घालणार." ती जीव मुठीत धरून बसायची, बाळी जीव खाऊन रडायची. पाणी कधी गरम, कधी कोमट. साबण डोळ्यांत. आंघोळ उरकली की दोघी घामाघूम, आणि बाजेवर मी रडायला तिसरी. मला उत्तर माहीत होतं! पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, द्वारकेच्या मागं, लोकांची बाळं न्हाऊ घालत बसलं होतं. आणि मला बोलायची चोरी!

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी बारसं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं नाशिकची मंडळी आली. सासूबाई नवीकोरी निळी नऊवारी नेसून. हात बघितले तर लिंबानं घासून घासून लाल केलेले. तरी नखांचा पिवळा काही गेला नव्हता, म्हणून पदराखाली लपवलेले. मुलाची आई ती. आईनं त्यांना ओसरीवर नव्या सतरंजीवर बसवलं, पाठीशी लोड दिला, चहा दिला. चहाचा कप ठेवायलासुद्धा उठू देईना. "तुम्ही बसा, विहीणबाई, तुम्ही काय कामं करायला आल्या का?" बिचाऱ्या मानानं बांधल्या गेल्या. नातीला दोन मिनिटं मांडीवर दिली आणि लगेच काढून घेतली. पाळण्यात घालायच्या आधी आंघोळ व्हायची होती.

न्हाणी ओसरीला लागूनच. आई पाटावर बसली. आज तर विहीण बघणार, म्हणून तिची आणखीच धांदल. गल्लीतल्या बायका जमलेल्या, त्यात आमच्या शेजारच्या बयाबाई, गावभरची म्हातारी, जिच्या नजरेतून काही सुटत नाही. आईनं बाळीला पायांवर घेतलं. पहिल्याच तांब्याला भोंगा सुरू.

मी सासूबाईंकडं पाहत होते. चहावर साय धरली होती. पदराखाली त्यांचे हात हलत होते, अक्षरशः हलत होते! आईनं पाठीवर पाणी घातलं की सासूबाईंचा हात आडोसा धरायला वर यायचा आणि पुन्हा खाली जायचा. आमचे हे आढ्याचे वासे मोजत होते.

आईनं बाळीला उलटी करायला उचललं. साबणाचं अंग, ओले हात. बाळी सुळकन सरकली.

माझ्या तोंडून किंकाळी निघायच्या आत सासूबाई न्हाणीत होत्या. कधी उठल्या, पदर कधी खोचला, कुणाला दिसलं नाही. बाळीच्या डोक्याखाली त्यांचा तळवा होता. "उठा," त्या म्हणाल्या. विनंती नव्हती ती. माझी आई, जी दादांच्या सांगण्यावरून कधी उठली नाही, ती मुकाट उठली.

पुढं जे झालं ते मी शंभर वेळा सांगितलंय आणि शंभर वेळा माझ्या अंगावर काटा आलाय. नवी निळी नऊवारी पाण्यात बसली. पायांवर पालथी बाळी. पाणी थेट अंगावर नाही, आधी स्वतःच्या मनगटावर, मग तळव्यावरून घरंगळत तिच्या पाठीवर. डावा हात उजव्या पायाला, उजवा डाव्याला. नाकाचं टोक हलकेच वर. टाळूवर तेलाचं बोट. बाळीनं एक हुंदका दिला, दुसरा अर्धाच दिला, आणि चक्क जांभई दिली! बारा दिवसांत पहिल्यांदा त्या न्हाणीत पाण्याचा आवाज ऐकू आला. दुपट्यात गुंडाळून पदराखाली घेईपर्यंत पोरगी झोपलेली.

 मग बयाबाईंनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली.

"विहीणबाई, हा हात घरचा नाय. ह्यो रोजचा हात हाय. किती पोरं न्हाऊ घातली?"

हे पुढं सरसावले. "नाही, म्हणजे, आईला पहिल्यापासून हौस. शेजारीपाजारी कुणाचं बाळ असलं तर..."

"निवृत्ती," सासूबाई म्हणाल्या, "पोरगी झोपलीय. खोटं जरा हळू बोल."

मग माझ्या आईकडं वळून सरळ सांगितलं, "चार घरची बाळं न्हाऊ घालते मी. वीस वरसं झाली. पैशे घेऊन. तुम्हाला सांगितलं नाय, चुकलं. पन ह्याच्यात सिंधूचा काय बी दोष नाय."

 माझी आई दुकानात खोटं माप सापडलं तर माणूस हाकलून देणारी. बारशाला भरलेलं घर. तिनं ओला पदर पिळला. एकदा, दोनदा. आणि मग फुटली.

"बारा दिस!" माझ्यावरच ओरडली ती. "बारा दिस माझी नात किंचाळू ऱ्हायली, मी रोज देवाचा धावा करू ऱ्हायली, आन् ही बाई तिकडं लोकांची पोरं झोपवू ऱ्हायली? तुला ठावं होतं ना गं? आन् जावईबापू, तुमाला बी?" हे दाराआड सरकले. "अवो, कामाची कसली लाज? माझ्या नातीच्या डोळ्यात साबण गेला त्याची लाज वाटू द्या!"

बयाबाई खो खो हसल्या, आणि मग सगळी ओसरी हसली. बारसं असं झालं की गल्लीत अजून नाव काढतात. मुलीचं नाव मंजुळा ठेवलं. आई म्हणाली, आवाजाला हे नाव धादांत खोटं आहे, पण आजच्या दिवशी आणखी एक खोटं चालेल.

पाहुणे निघायच्या वेळी आई सासूबाईंना म्हणाली, "सव्वा महिना होईस्तोवर इथंच ऱ्हावा."

"नाय जमायचं. चार घरची बाळं वाट बघत्यात."

 हट्टाला दोघींत कुणीच कमी नाही. शेवटी यांनीच तोंड उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोलले. "साडेदहाची गाडी आहे ना सीबीएसवरून. चार घरं झाली की मी स्कूटरवाल्या मित्राला सांगून आईला स्टँडवर सोडीन. साडेअकरा-बाराला घोटी. दुपारच्या गाडीनं परत." कारखान्यात यांची त्या महिन्यात दुसरी पाळी होती.

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू झालं! मुलाची आई रोज व्याह्यांच्या गावाला, तीही न्हाऊ घालायला. असं कुणी ऐकलं होतं का? साडेअकरा वाजले की माझी आई बंबात लाकडं सारून स्वतः एसटी स्टँडवर जायची. वाटेत दुकानांच्या बायका विचारायच्या, कोण पाहुणी हो? "माझी विहीण. नाशकातली बाळं न्हाऊ घालती," आई भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची.

पण मला सांगायचंय ते त्या दुसऱ्या दिवसाचं. दार लोटलेलं, ऊन कौलातून खाली उतरलेलं. सासूबाईंनी मंजुळाला पायांवर घेतलं आणि तेल लावता लावता थांबल्या. नाशकातल्या घरी पाहिलं होतं मी, बाळाशी त्यांची अखंड बडबड चालली होती. आज डोळ्यांतून पाणी टपटप बाळीच्या पाठीवर.

"काय झालं, विहीणबाई? पाणी कढत हाय का?" टॉवेल धरून उभी असलेली आई घाबरली.

"नाय वो. लोकांची पोरं न्हाऊ घालते, त्यांना म्हणते, लवकर मोठा हो. मोठी झाली की वळखत बी नाय कुणी. द्वारकेला समोरून जात्यात, मी बघते, ती बघत नाय. त्यांचा काय दोष? तान्ह्याला काय आठवणार?" त्यांनी पालथ्या हातानं डोळे पुसले. "हिला पहिल्यांदा म्हणावं वाटलं, सावकाश मोठी हो. ही तरी मला वळखंल का?"

आई पाटाशेजारी ओल्या फरशीवर बसली. तिनं टॉवेल मांडीवर पसरला आणि हात पुढं केले.

"वळखंल. तुमीच न्हाऊ घातली म्हणून मी सांगंन तिला रोज," ती म्हणाली. "द्या इकडं, गारठंल पोर."